कृपाच्या नावाची विनंती

रवि., १२ जाने.

संध्याकाळी प्रभुभोजनाची भाकर मोडली. म्हणायचं भाकर, असतो कोपऱ्यावरच्या बेकरीचा लादी पाव. त्याआधी योहानसरांचा नेहमीचा प्रश्न : कुणाच्या मनात कुणाबद्दल काही आहे का? असेल तर आधी मिटवा, मग ताटलीला हात लावा. शमुवेलने मंदावहिनींची माफी मागितली. तीन आठवडे गिझर दुरुस्त करतो म्हणतोय. हा बाबा जगाचे एसी-गिझर दुरुस्त करत हिंडतो आणि सरांची बायको थंड पाण्याने आंघोळ करते. सगळे हसलो. माझं काही नाही म्हटलं. खरंच नव्हतं.

मार्चमध्ये दोन वर्षं होतील सरांच्या या सामायिक घरात. आई गेल्यावर बोरिवलीच्या खोलीत लॅबमधून आले की आधी टीव्ही लावायचे, नुसता आवाज यावा म्हणून. इथे चारकोपला दोन फ्लॅट आतून जोडलेले, पाच माणसं, स्वयंपाकघर एक. आवाजाला तोटा नाही. तरी माझ्या खोलीतली कृपा घरात नसली की तेच बोरिवलीसारखं होतं. सरांना सांगायची सोय नाही. म्हणतील, सुलोचना, घर सगळ्यांचं असतं, एका माणसाचं नाही. बरोबरच आहे त्यांचं. पण मला काय करायचंय बरोबर घेऊन.

मंगळ., १४ जाने.

कृ. ने आज सांगितलं. आमच्या खोलीत, कपड्यांच्या घड्या घालता घालता, जसं काही भाजीला काय आणू विचारतेय.

अविनाश नाव. घाटकोपरचा, बौद्ध घरातला, ट्रॉम्बेला कामाला. पाठदुखीसाठी तिच्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये यायचा. दीड वर्ष चाललंय. रजिस्टर लग्न करायचं म्हणते. दीड वर्ष! एका खोलीत झोपतो आम्ही. तिचे मोजे कुठले न् माझे कुठले हे कळत नाही इतकी वर्षभर सरमिसळ, आणि मला पत्ता नाही.

वडील जालन्याकडे चर्चचे पाळक. त्यांना स्वतः जाऊन, समोर बसून सांगणार आहे. मग इथे घरात सांगेल. "तोवर फक्त तुला, सुलूताई." मी हो म्हटलं. खूश आहेस ना, असंही विचारलं, चांगल्या आवाजात.

फेब्रु. च्या पहिल्या रविवारी वर्षाचा शब्द द्यायचा असतो. एकेकाने उभं राहून म्हणायचं, आणखी एक वर्ष राहीन. ती नाही म्हणणार. म्हणजे तीन आठवडे.

लॅबमध्ये आज रक्त काढताना दोन पेशंटना दोनदा टोचलं. पंचवीस वर्षांत असं क्वचित.

बुध., १५ जाने.

काय करून बसले मी.

सकाळी सहाला उठले, चहा टाकला. फ्रिजवर प्रार्थनेची वही. ज्याला कशासाठी प्रार्थना हवी त्याने लिहायचं, सव्वासहाला सर वाचतात. मंदावहिनींचे गुडघे. शमुवेलच्या भावाची नोकरी. त्याखाली मी लिहिलं : "कृपासाठी. लग्नाचा मोठा निर्णय आहे. योग्य मार्ग दिसावा. — सु."

लिहिताना मनात म्हणाले, कुणाला सांगत थोडीच आहे, प्रार्थनाच तर मागतेय. आत्ता हे लिहिताना लाज वाटते.

सरांनी वाचलं. सावकाश, शाळेत वाचायचे तसं. मग लांबलचक प्रार्थना केली तिच्यासाठी, मनापासून. सगळ्यांचे डोळे मिटलेले. कृपाचे उघडे होते. माझेही, म्हणून कळलं.

नंतर सिंकपाशी मंदावहिनींनी काळजीने विचारलं, "मुलगा आपल्यातला आहे ना गं?" नाही म्हटलं. तेवढ्यावर थांबता आलं असतं. घाटकोपर, बौद्ध, सगळं सांगून मोकळी झाले.

कृ. डबा न घेता गेली.

गुरु., १६ जाने.

वाट लागली. मंदावहिनींनी काल दुपारी विनंती प्रार्थनेच्या ग्रुपवर टाकली. हात जोडलेले, मेणबत्ती, सगळं लावून. "आपली मुलगी कृपा हिला दुसऱ्या धर्मात लग्न करण्यापासून प्रभूने राखावे." कुणाचं वाईट चिंतणाऱ्या नाहीत त्या. त्यांना खरंच वाटलं, जितकी माणसं तितकी शक्ती. ग्रुपमध्ये कृपाची जालन्याची मावशी आहे हे त्यांच्या ध्यानातच नाही.

आज सकाळी वडिलांचा फोन. ती गॅलरीत तासभर उभी. क्लिनिक बुडवलं. मला आत एवढंच ऐकू आलं, "पप्पा, मी येऊन सांगणार होते हो. मीच सांगणार होते." चार वेळा तरी म्हणाली.

मी लॅबला गेले. दुसरं काय करणार होते.

शुक्र., १७ जाने.

भांडली असती तर बरं झालं असतं. भांडत नाही. सगळं नियमाने. सकाळी गुड मॉर्निंग. तिच्या वाट्याची भांडी घासली. माझे वाळलेले कपडे घडी करून माझ्या पलंगावर. मोजेसुद्धा वेगळे करून.

"चहा घेणार का तुम्ही?" म्हणाली.

तुम्ही!

रवि., १९ जाने.

सरांनी प्रश्न विचारला. ताटली माझ्याकडे आली, मी हात न लावता पुढे सरकवली. कृपानेही. दोन तुकडे तसेच राहिले. मंदावहिनींनी ते झाकून ठेवले.

कुणी काही विचारलं नाही. आपल्या नियमांच्या कागदावरच आहे तसं : टोचायचं नाही, वाट बघायची. जेवताना वहिनींनी न मागता भात वाढला. शमुवेलने लिंबू चिरून दिलं. सगळे माझ्याशी इतके मऊ की ताट घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसावंसं वाटलं. एखादा तरी म्हणाला असता, सुलू, काय मूर्खपणा केलास हा! पाच माणसांत इतकं एकटं वाटलं नव्हतं कधी. बोरिवलीला निदान कुणी वाट बघत नव्हतं.

नंतर सर हळूच म्हणाले, हवं तर मी मध्ये बसतो तुम्हा दोघींच्या. नको म्हटलं.

मंगळ., २१ जाने.

मंदावहिनी कृपाजवळ जाऊन रडल्या. चूक झाली, माझी अक्कल कुठे गेली होती, वगैरे. कृ. ने त्यांना मिठी मारली. दोन मिनिटांत काम झालं. मी दारातून पाहिलं आणि मला मेलीला वहिनींचा राग आला.

मग गच्चीवर कपडे काढताना विचार केला. त्यांचं चटकन मिटलं, कारण त्यांचा भाबडेपणा होता. माझा कुठे होता? मला पक्कं ठाऊक होतं, वहीत लिहिलं की सर वाचणार, सर वाचले की बोलणार, बोलले की तिला जड जाणार. मी रक्त काढणारी बाई, कुठे टोचलं की कुठून येतं हे मला कुणी शिकवायला नको. मला ती जायला नको होती. बस. प्रभूचं नाव घेऊन घरातल्या सगळ्यांना तिच्या वाटेत उभं केलं.

हे तिला सांगायला हवं. "चुकून झालं" म्हणणं सोपं आहे. ती मानेलही.

गुरु., २३ जाने.

अर्धी रजा घेतली. तिची गुरुवारी दुपार मोकळी असते. स्वयंपाकघरात मटार सोलत होती, मीही समोर बसले आणि सोलायला लागले. पाव किलो तरी सोलून झाले असतील.

शेवटी म्हटलं, "कृपा, मी प्रार्थनेसाठी नव्हतं लिहिलं. तू जाऊ नयेस म्हणून लिहिलं. सगळ्यांनी मिळून तुला अडवावं म्हणून."

ती सोलत राहिली. म्हणाली, "माहीत आहे."

मी रडले. तिने पाणी दिलं, पाठीवर हात नाही ठेवला. मग म्हणाली, "माफ केलं. इथे राहायचं तर करावंच लागतं ना. मनापासूनही करतेय, खोटं नाही. पण तुला आता काही सांगणार नाही मी."

ठीक आहे म्हटलं. काय ठीक आहे? पण ती 'तुला' म्हणाली हे डोक्यात आलं आणि क्षणभर बरंसुद्धा वाटलं. वेडी बाई.

मग तिने टरफलं गोळा केली आणि हॉलमध्ये जाऊन पुस्तक वाचत बसली. आमच्या खोलीत नाही.

रवि., २६ जाने.

दोघींनी भाकर घेतली. सरांच्या डोळ्यांत पाणी. शमुवेलने नंतर माझी पाठ थोपटली, जिंकून आल्यासारखी. घराच्या लेखी मिटलं.

जेवणानंतर सरांनी नवा नियम सुचवला : ज्याची विनंती त्यानेच लिहायची, दुसऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय वहीत नाही. सगळे हो म्हणाले. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही, इतकं ठरवून की त्यापेक्षा पाहिलं असतं तर बरं. मीच म्हटलं, अक्षर माझं चांगलं आहे, कागदावर मी लिहिते. कृ. किंचित हसली. की मला वाटलं.

जालन्याचं अजून तसंच. वडील एवढंच म्हणाले म्हणे, घरी ये, समोर बोल. सर म्हणाले मी फोन करू का पाळकसाहेबांना. ती म्हणाली, नको सर, आता कुणीच नको.

बुध., २९ जाने.

काही नाही. ती आठला गेली, सातला आली. मी आज क्लिनिकमध्ये काय झालं विचारलं. "नेहमीचंच," म्हणाली. पूर्वी त्या गुजराती आजोबांच्या नकला करून दाखवायची, ते व्यायाम न करता केला म्हणून सांगतात तसं. आजोबा कसे आहेत विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

शनि., १ फेब्रु.

आज सकाळी गेली जालन्याला. अविनाश दोन दिवसांनी मागून जाणार, वडिलांनी चालेल म्हटलं तर. हे मला मंदावहिनींकडून कळलं.

उद्या वर्षाचा शब्द. ती नसणार. सर म्हणाले तिचा शब्द ती आल्यावर घेऊ, घाई नाही. माझ्या शब्दाबद्दल त्यांनी विचारलं नाही, धरूनच चाललेत. मी जाणार कुठे?

शमुवेल तिची बॅग घेऊन खाली उतरला होता. मी दारात. ती दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. मागे न बघताच म्हणाली, "सुलूताई, पप्पांसाठी प्रार्थना कर. मनातल्या मनात."

आणि गेली.

घरात आता मी एकटीच. सर-वहिनी बाजारात, शमुवेल कामावर. दुपारी पलंगाच्या कडेला बसले आणि डोळे मिटले. म्हटलं, प्रभू, त्यांचं मन मऊ कर. मऊ झालं तर ती घाटकोपरची होणार. नाही झालं तर इथे परत येईल, रडून सुजलेली, आणि समोरच्या पलंगावर झोपेल. माझं मन कुठल्या बाजूला पळत होतं ते मला दिसत होतं. तरी पुन्हा म्हटलं, मोठ्याने नाही : त्यांचं मन मऊ कर, तिला जाऊ दे.

आमेन म्हणायचं राहिलंय. तासभर झाला. तोंडातून निघत नाही.