कॉन्व्हेंटमधली मोठ्या आवाजातली प्रार्थना

प्रिय चिमे,

आठ दिवसांत अकरा चर्चं झाली. परक्या राज्यकर्त्यांनी बांधलेलं काही दिसलं की तुझ्या भाऊजींच्या अंगात येतं. ते खांब मोजत फिरतात आणि मी बाकावर बसून पाय चोळते. आज मात्र बसवलं नाही.

नन्सचं जुनं कॉन्व्हेंट होतं. गाईडबाईंनी रस्त्यालगतची एक बुटकी खोली दाखवली, भिंतीत लोखंडी कडी. इथल्या मूळ लोकांच्या वस्तीतल्या पोरी पकडून आणायचे, म्हणाल्या, आणि कुणी स्वतःच्या घरच्या भाषेत बोललं की कडीला बांधून पाठीची सालं निघेपर्यंत चाबकाने मारायचे. एकीचा डोळा गेला, एक तिथेच मेली. मी विचारलं, रस्त्यावर ऐकू नाही जायचं? त्या म्हणाल्या, कसं जाणार, बाकीच्या मुलींना शेजारी उभं करून मोठ्याने प्रार्थना म्हणायला लावत.

मला आपला रेडिओ आठवला. बाबांनी कमरेचा पट्टा काढला की आई म्हणायची, जा, आवाज वाढव. मी पळत जायची. त्या दिवशी त्यांनी तुझं डोकं ओट्यावर आपटलं, बकलाने हनुवटी फाडली, तुझा दात रक्तात फरशीवर पडला, आणि मी बातम्या ऐकत उभी होते. हवामान कोरडं राहील, हे वाक्य मला अजून पाठ आहे. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुमच्याकडे रेडिओचं भारी वेड. मला वाटायचं, मी घराची लाज राखली. तुझी माफी मी कधीच मागितली नाही. आज मागते.

तुझा फोन नवरा तपासतो, म्हणून हे पत्र तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर. गेल्या रविवारी फोनवर तू सांगत होतीस, ओठ दारावर आपटला. तेवढ्यात मागे तुझ्या नवऱ्याचा आवाज चढला, काहीतरी फुटलं, आणि टीव्ही एकदम कानठळ्या बसतील इतका मोठा झाला. रिमोट कुणाच्या हातात असेल, ते मला न सांगता कळलं. तुझी लेक नऊ वर्षांची आहे, मीही तेव्हा तेवढीच होते. मी शुक्रवारी येते, तुम्हा दोघींना न्यायला. त्याने दार अडवलं तर सगळी गल्ली गोळा करीन. तोवर तिला एवढंच सांग, की मावशीने टीव्ही बंद करायला सांगितलाय.

तुझीच, उशिरा जागी झालेली,
ताई