चोविसावी चिठ्ठी

बुधवार, अकरा तारीख

ताई,

तर नाही, टायमर अजून तोच आहे. तू फोनवर विचारलंस आणि उत्तर द्यायच्या आत मी भलतंच काहीतरी सुरू केलं. तू म्हणालीस, "तू मला बोलू देत नाहीस, त्यापेक्षा पत्र लिही, निदान माझा कान तरी वाचेल." म्हणून लिहितेय. अक्षराला हसू नकोस. इंग्लिश मीडियमच्या पोरीला जोडाक्षरं जमतात हेच खूप समज.

इकडे सगळे बरे. आईचा गुडघा कुरकुरतो, बाबा त्याहून जास्त कुरकुरतात. मावशीला नमस्कार सांग. तिच्या कपडे दुरुस्तीच्या दुकानात तू आता कोट एकटीनं उसवतेस म्हणे.

आपला अभ्यासाचा ग्रुप जोरात चाललाय. कॉलेजच्या लायब्ररीच्या तळघरातली तीच खोली, त्याच सात खुर्च्या. ती करकरणारी ट्यूबलाइट अखेर काढून टाकली. टायमर मी जुन्या मोज्यात घालून ठेवते, टिकटिक कमी होते. टकटक्यानं पेनाला स्पंज गुंडाळलाय, तरी टकटक करतोच. हेडफोनवाली परवा पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली. काय बोलली? "खिडकी लावा." आम्ही टाळ्याच वाजवणार होतो, पण तिला त्या आवाजाचा त्रास होतो, म्हणून नुसते हात हलवले.

नियमही तेच, तुला पाठ असलेले. सुरुवातीला प्रत्येकानं आपल्या रंगाच्या कागदावर तारीख आणि आजचं एकच काम लिहायचं, चिठ्ठी उलटी ठेवायची. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं सुट्टी, तीनदा. काम झालं तर चिठ्ठी डब्यात. नाही झालं तर आपल्याबरोबर न्यायची. का नाही झालं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

तुझ्या जागेवर आता एक नवीन मुलगा बसतो. चांगला आहे. खुर्ची डुलवतो फक्त.

हे सगळं मी का सांगतेय. सांगायचं दुसरंच आहे.

तुझी जागा ऑफिसनं काढून घेतली नाही. मी काढली.

काउन्सेलर मॅडमनी फक्त ग्रुपचा रिपोर्ट मागितला होता. कुणाला काढा असं त्या म्हणाल्याच नव्हत्या. मी डबा उपडा केला, रंगांप्रमाणे ढीग लावले. आठ आठवड्यांत तुझी पिवळी चिठ्ठी एकही नाही. वेटिंग लिस्टवर अकरा जण होते. मला वाटलं, सख्ख्या बहिणीला सूट दिली तर लोक काय म्हणतील. मी फेअर वागतेय म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं, ताई.

त्या दिवशी सगळ्यांनी चिठ्ठ्या लिहून ठेवल्या होत्या. टायमर लावायच्या आधी मी तुला बाहेर बोलावलं. "ऑफिसचा नियम आहे गं, माझ्या हातात नाही." तू म्हणालीस, "बरं." आत जाऊन पुस्तक, बॅग, चिठ्ठी उचललीस. दार लावताना आवाज होऊ नये म्हणून हात मध्ये धरलास.

आणि तुला तिथे आणलं कुणी? मीच. घरात सगळे तुला वेंधळी म्हणायचे, मीही म्हणायचे. मग फर्स्ट इयरला एक लेक्चर ऐकलं आणि धावत घरी आले, ताई, हा एडीएचडी असू शकतो, लक्ष न टिकण्याचा. डॉक्टरही तेच म्हणाल्या. तू स्वयंपाकघरात ओट्याला टेकून खाली बसलीस. "म्हणजे मी आळशी नव्हते ना?" मी म्हटलं, नव्हतीस. माझ्या शब्दावर तू मावशीकडचं काम सोडून पुन्हा ॲडमिशन घेतलीस. आणि आठ आठवडे डब्यात काही न टाकता निघणाऱ्या तुझ्याकडे बघून माझ्या मनात आलं, आळशीच आहे.

सोमवारी तुझं लायब्ररीचं पुस्तक परत करायला गेले. काउंटरवरच्या काकांनी ते झटकलं. "अहो, हे तुमचं झाड गळतंय." पिवळ्या चिठ्ठ्या. चोवीस. आठवड्याला तीन, आठ आठवडे, एकही दिवस तू चुकवला नव्हतास.

मी तिथेच जमिनीवर बसून तारखेप्रमाणे लावल्या.

"दार उघडून आत जायचं." बरोबरची खूण.

"पंचवीस मिनिटं बसायचं." खूण.

"टकटक ऐकू आली तरी उठायचं नाही." खूण. ही तर तीन वेळा लिहिलीयस.

मग "अर्धं पान". खूण. "एक पान, धाकटीकडे न बघता." खूण.

तेवीस कामं झाली होती. डब्यात का नाही टाकलीस, हे विचारायचं नाही असा नियम आहे. पण मला कळलं. पोरं धडेच्या धडे लिहीत होती, त्यात "दार उघडलं" हे कसं टाकायचं, तेही धाकट्या बहिणीसमोर.

चोविसावी त्या दिवसाची आहे. "आज चिठ्ठी डब्यात टाकायची."

तिच्यावर खूण नाही.

ती माझ्याकडे आहे. मी डब्यात टाकलेली नाही, ती तुझी आहे. मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, आठवी खुर्ची मिळेल, पण आधी तिला विचारा. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख सत्तावीस आहे.

माफ कर असं लिहीत नाही. तू "बरं" म्हणशील, आणि तुझ्या त्या "बरं"ची मला आता भीती वाटते.

एवढंच सांग. ज्या खोलीत मी टायमर लावते, तिथे तुला पुन्हा बसवेल का? की तू यावंस म्हणून मी तिथून उठावं? तुला काय वाटतं?

तुझी,
तुला न विचारता सगळं ठरवणारी
धाकटी