लंगडीचा घास

चि. धाकटीस,

तुझ्या म्हाताऱ्या दादाचे भरभरून आशीर्वाद. तुझे गुडघे हल्ली तुझं ऐकत असतील असं धरून चालतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, भूक सपाटून लागते, दोन्ही वेळा पोटभर जेवतो, तेव्हा माझी काळजी करायचं काही कारण नाही. पत्र लिहितोय ते एका मासोळीपायी.

मुलगा-सून नातीला घेऊन बदलीच्या गावी गेले त्याला दोन महिने झाले. फिशटँक मागे राहिला, कारण तो ट्रकमध्ये हिंदकळला असता. (मीही मागे राहिलो. माझं कारण कुणी विचारलं नाही.) त्यात पाच सोनेरी मासे आहेत. एकीचा पर अर्धा फाटलेला, तिला नात लंगडी म्हणते. लंगडीला वळायला वेळ लागतो आणि ती वळेपर्यंत बाकीच्या चौघांनी दाणे फस्त केलेले असतात. दर रविवारी नातीचा फोन येतो. आजोबा कसे आहात वगैरे नंतर, आधी, "लंगडी जेवली?" आता चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना "कपडे उद्या नक्की" म्हणत आलेल्या शिंप्याला खोटं बोलणं जड नाही, पण त्या पोरीपुढे जीभ रेटत नाही.

आधी मी जास्त दाणे टाकून पाहिले. चौघे गरगरीत झाले, पाणी धुण्याच्या बादलीसारखं गढूळलं आणि लंगडी होती तशीच. माशांच्या दुकानदाराने मला चांगलंच झापलं. म्हणाला, "आजोबा, मासे पाळताय की पंगती उठवताय?" दाणे मोजकेच टाका, दांडग्यांना एका कोपऱ्यात गुंतवा आणि तिला दुसऱ्या कोपऱ्यात भरवा, असं त्याने सांगितलं. मग मी माझं अंगुस्तान काढलं (सुई टोचू नये म्हणून बोटात घालायची ती पत्र्याची टोपी, तू लहानपणी बाहुलीच्या डोक्यावर ठेवायचीस तीच). डावीकडे काचेवर त्या टोपीने टकटक करायची, तिथे दाणे टाकायचे, चौघे तिकडे धावले की उजवीकडे नळीने लंगडीच्या तोंडापुढे चार दाणे सोडायचे. चार दिवस झकास गेले. पाचव्या दिवशी टकटक ऐकून लंगडीही डावीकडे निघाली. ती पोचेपर्यंत तिकडचं संपलं होतं आणि तिच्या वाटचं उजवीकडे तसंच पडलं होतं. (शिकवलं मीच, बोलणार कुणाला?)

तेव्हा म्हटलं, आपल्याला जे येतं ते करावं. टँकचं माप घेतलं, जुन्या मच्छरदाणीचा पडदा शिवला, बुडाच्या दुमडीत खडे भरून तुरपाई घातली. इतकी सफाई मी नवरदेवांच्या कोटालाही दिली नव्हती. लंगडीला स्वतंत्र खोली मिळाली, हिसकावणारं कुणी नाही, दाणे तोंडापुढे. आणि बाईसाहेबांनी दोन दिवस दाण्याला तोंड लावलं नाही. पडद्याला नाक लावून पलीकडची गर्दी बघत राहिल्या. मी खुर्ची ओढून समोर बसलो आणि तिची पुष्कळ समजूत घातली. (जरा मोठ्यानेच घातली असावी, कारण खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई वर येऊन पाहुणे आलेत का विचारून गेल्या.)

तिसऱ्या दिवशी मी पडद्याचा कोपरा दोन बोटं उसवला. चौघांतला सगळ्यात लहान तेवढा आत आला, बाकीचे त्या मापात बसेनात. त्याने एक दाणा तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. लंगडीने ते पाहिलं आणि शेजारचा दाणा गिळला. मग आणखी सहा. मी मोजले. रविवारी फोनवर म्हणालो, "जेवली. सात दाणे."

तिला खाताना पाहून तू आठवलीस. एका ताटाभोवती आपण पाच भावंडं आणि तुझा हात पुढे येईपर्यंत ताट चाटूनपुसून लख्ख. ते जे चौघे होते, त्यांत सगळ्यात चपळ मीच होतो. हे कबूल करायला साठ वर्षं लागली. रागावू नकोस.

बाकी इकडे सगळं जागच्या जागी आहे.

तुझा,
दादा

ता. क. पडदा धुवायला काढताना मासे धरायला दुसरं माणूस लागतंच, असं दुकानदार म्हणतो. आठ दिवस येशील का? जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवतो, तिथे दम खा.

आणखी ता. क. दुकानदार असं काही म्हणालेला नाही.

शेवटचा ता. क. पोटभर जेवतो असं वर लिहिलंय, तेही तसलंच. एकट्यापुरतं ताट वाढतो आणि झाकून ठेवतो. दोन महिन्यांत पँटची कंबर दोनदा आत घेतली. (शिंपी असल्याचा हा फायदा, माणूस वाळलेला कुणाला दिसत नाही.) जादा कापड मात्र कापलेलं नाही, आत दुमडून ठेवलंय. तू समोर जेवायला बसलीस की शिवण सोडता येईल.