वाळवायचा राहिलेला वाफा

प्रिय अमृत,

अनेक आशीर्वाद. हातात फोन असताना आई पत्र का लिहिते, म्हणून हसशील. फोनवर तू 'पैसे लागले तर सांग' एवढं बोलतोस आणि मोकळा होतोस. शिवाय इथे बोललेलं सगळं तुझ्या आबांना ऐकू जातं. म्हणून शेजारच्या जानूकडे हे देते आहे. त्याची ड्यूटी तुझ्याजवळ देहूरोडलाच असते, तो तुझ्या हातात आणून देईल. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे, पण आज ते जमणार नाही.

कोरोनात सगळं बंद झालं तेव्हाचं तुला आठवतंच. पॉलिहाऊसमध्ये गुलाब असा फुललेला की नजर लागावी, आणि घ्यायला चिटपाखरू नाही. झाडं बिघडू नयेत म्हणून आपण रोज सकाळी फुलं तोडायचो आणि खड्ड्यात टाकायचो. मग शेतकऱ्यांना सरकारी मदत मिळणार असं कळलं आणि साहेब पाहणीला आले. त्यांचंही खरं होतं म्हणा. समोर एवढी टवटवीत फुलं, ते नुकसान काय लिहिणार? पीक वाळलेलं दिसलं तर पंचनामा करतो, असं सांगून गेले. त्या दिवशी तूच म्हणालास, ठिबक बंद करा. घरात खायचे वांधे होते, तुझं चुकलं असं मी तेव्हाही म्हटलं नाही. आबांनी जाऊन पाण्याचा कॉक बंद केला. त्यानंतर जेवायला बसले की ताट नुसतं चिवडायचे.

साहेब परत आले तर सगळं वाळलेलं आणि कोपऱ्यातला एक वाफा हिरवागार. पीक जिवंत आहे म्हणून त्यांनी आपलं नाव वगळलं. शेजारपाजारच्यांना मदत मिळाली, आपल्याला छदाम नाही. तू आबांना नको नको ते बोललास. ते एवढंच म्हणाले, 'त्या वाफ्याचं पानी बंद करायचं ऱ्हायलं खरं, ध्यानात न्हाई आलं.' तू बॅग भरून गेलास, तो अजून घरी आलेला नाहीस.

अमृत, ते खोटं बोलले. तो वाफा तू कॉलेजात असताना स्वतःच्या हाताने लावलेला. मी पाहिलं, संध्याकाळी हा माणूस कळशीने त्यातल्या एकेका झाडाच्या बुडाशी पाणी घालत होता. मी चिडले, मदत जाईल म्हटलं. तर म्हणे, 'माजी झाडं मी मारीन, पर पोराच्या हातची न्हाई मारवत. त्याला सांगू नगंस, उगं जिवाला लावून घेईल.' नाही सांगणार, असा शब्द मी दिला. तुझी बोलणी त्यांनी खाल्ली. मला त्यांचा फार राग यायचा, आणि तुझाही.

आज त्यांना दिलेला शब्द मोडते आहे, कारण थांबायला वेळ उरलेला नाही. कोरोनाने धरलेली त्यांची छाती पुन्हा मोकळी झालीच नाही, हे तुला अर्धंमुर्धं माहीत आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. त्याचा अर्थ मला कळला, त्यांनाही कळला. तुझं नाव ते घेत नाहीत. फाट्यावर एसटी थांबल्याचा आवाज आला की मात्र उशीवरून मान उचलतात, कोणी आलं नाही की पुन्हा टेकवतात. काल मान उचलली गेली नाही, नुसते डोळे दाराकडे वळले. आल्यावर माफीबिफी मागू नकोस, ते अवघडतील. नुसता जवळ बस. पण ये बाळा, ते दाराकडे बघतायत तोवर ये.

तुझीच,
आई