विजयमालेचे दोन चमचे

वाशीम, श्रावण, सन १९३४

सौ. कस्तुरावहिनींस,

तुमच्या नणंदेचा नमस्कार. मंगरूळपीरला सारे कुशल असेल, दादाचा खोकला ओसरला असेल, अशी आशा करते. पहिल्या ओळीत वहिनी म्हणून 'तुम्ही' लिहून झाले. इथून पुढे कॉन्व्हेंटातल्या एकाच बाकावरची म्हणून 'तू'.

तुझी लेक आणि माझी सून विजयमाला हिला सहावा महिना लागला. जेवते बरी, पण चेहरा पांढराफटक. डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि रोज संध्याकाळी दोन चमचे पोर्ट वाईन सांगितली, रक्त वाढते म्हणून. त्यावर आमच्या घरात जी सभा भरली ती तू पाहायला हवी होतीस. आमचे यजमान दारूबंदी मंडळाचे अध्यक्ष (गेल्याच महिन्यात बाजारात भाषण झाले, टाळ्या पुष्कळ, दुकानातली गर्दी होती तेवढीच). "डॉक्टरनं देली तं दारू नोहे, औषध होय," असा निकाल देऊन ह्यांनी बाटलीवरचे विलायती नाव वर्तमानपत्र चिकटवून झाकले. प्रयागबाई सुईण त्यांच्याच पक्षाची, पण तिला परदेशी माल मंजूर नाही. म्हणाली, "मोहाची घोटभर द्या तिले. म्या साऱ्या पोरायच्या वक्ताले घेतली." मी विचारले, पोरांना काही झाले नाही ना? "काई नाई. आता तेच घेऊन राह्यले."

विरुद्ध मी एकटी. माझ्याजवळ आधार एवढाच, की आईने खाल्लेले लेकराला पोचते. बाळंतिणीने लसूण जास्त खाल्ला तर लेकरू दुधावरून तोंड फिरवते. मग पोटातल्याला दारू पोचत नसेल का? हे हसले. "हे तुले कॉन्व्हेंटात शिकवलं काय?" (नाही. तिथे भरतकाम शिकवले, आणि खोटे बोलणारीची शिवण उसवते असे सिस्टर अ‍ॅग्नेस सांगत. आठवते ना, आपण दोघी रुमालाचे टाके ओढून पाहत बसायचो.) विजयमाला कोपऱ्यात भाजी निवडत होती. हळूच म्हणाली, "आत्या, मले कोणी इचारलं काय?" कोणी विचारले नव्हते. मीही नाही.

पहिल्या संध्याकाळी तिने दोन चमचे घेतले. दिवेलागणीला तिचे पोर रोज हालते आणि मी पोटावर हात ठेवून बसते. ती माझी देवापुढची वेळ समज. त्या दिवशी काही हालले नाही. निजले असेल, प्रयागबाई म्हणाली. कस्तुरा, तिच्या मागच्या खेपेला तुझ्या घरी आपण दोघीही 'निजले असेल' असेच म्हणत होतो, आणि मग पाळणा माळ्यावर गेला. सकाळी हालले तेव्हा मी तिच्याजवळून उठले. म्हाताऱ्या बाईचा हात हा काही पुरावा नव्हे, असे डॉक्टर म्हणतील. ते खरेही असेल. दोन चमच्यांनी काही होतही नसेल. पण मला ते पुन्हा करून पाहायचे नाही.

आता वाद मिटला आहे. विजयमालेच्या तोंडावर रंग आला, डॉक्टर प्रसन्न आहेत, हे तर स्वतःलाच शाबासकी देतात. तुझी लेक रोज सगळ्यांसमोर दोन चमचे घेते आणि पदराआड हसते. काळजी करू नकोस.

तुझी
द्वारका

ता. क. ते दोन चमचे तू ज्येष्ठात पाठवलेल्या जांभळाच्या सरबताचे आहेत. वाईन मोरीत गेली. रंग हुबेहूब. हेसुद्धा 'खराब झाली का पाहतो' म्हणून झोपताना चमचाभर घेतात, आणि झोप गाढ लागते म्हणतात.

ता. क. दुसरा. पत्राचे खरे कारण हे. विजयमालेला आलेला गुण पाहून डॉक्टरांनी आता शेजारच्या गोविंदसिंगांच्या सुनेलाही बाटली लिहून दिली. तिला पाचवा आहे. तिच्या सासूला मी हळूच सारे सांगितले. तरी मोटारीने आणखी सरबत पाठव, दोन घरांना पुरेल इतके. साखर कमी घाल. मागचे चाखून हे म्हणाले, डॉक्टरने दुकान बदलले वाटते.

ता. क. तिसरा. बाळाचे टोपडे शिवते आहे. शिवण रोज ओढून पाहते. अजून धरून आहे.