लेकाच्या हसण्यावर औषध

धाकटे, आशीर्वाद. आज इथे लेकाकडे पहिली आली सुनेची बहीण, चपला न काढताच आत. मागून तिची मैत्रीण, मनाच्या आजारांची डॉक्टर. चहा नको म्हणाली आणि दोन कप प्यायली, आवडली मला!

मी तर खुशीत होते. तुझा भाचा वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडलेला, तो आता गातो, शिलाई मशीनवर बसतो. घरचे पडदे कापून मला झंपर शिवले, तुला शिवले, आपल्या गेलेल्या आईच्या मापाचंही एक शिवलं. झोपत मात्र नाही. तुझे गुडघे कसे आहेत?

डॉक्टरीण म्हणाली, "आजी, तेव्हाचं पडून राहणं आणि आताचा हा उत्साह, दोन्ही एकाच आजाराची रूपं. रक्त तपासून औषध सुरू करू. बरं वाटलं तरी सोडायचं नाही."

लेक हसत सुटला. "मी आजारी? आई, तूच सांग की यांना!"

किती दिवसांनी हसतोय, त्या हसण्यालाच औषध द्या कसं म्हणू? आणि नको तरी कसं म्हणू?

त्याला राजी करायचं माझ्यावर सोपवून दोघी गेल्या. गुरुवारी परत येतो म्हणाल्या.

तुझी अक्का