खोट्या माश्यांचं टेबल

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, ४ मार्च १९८६

चि. सौ. शिवकांतास,
अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. दुष्काळामुळे दुकानात गिऱ्हाईक नाही; पाऊसच नाही तर खत आणि औषध कोण नेणार? पण पत्राचं कारण वेगळं आहे.

काल कंधारच्या बाजारात औशाचा एक पाहुणा भेटला. म्हणाला, तुमच्या बहिणीनं लातुरात मासे धरायच्या गळांचा कारखाना काढलाय म्हणे. मी हसलो. म्हटलं, माणूस चुकला असशील. तर त्यानं शपथ घेतली. टेबल मांडलंय, कोंबड्याची पिसं आणून धुतात, गळाला बांधतात. मला घाम फुटला.

शिवकांता, आपल्या गळ्यात लिंग आहे. आपल्या घरात अंडं फुटलेलं कुणी पाहिलं नाही. त्यात लातूरला लोक टँकरमागं घागरी घेऊन पळून राहिलेत आणि तू पिसं धुतेस? शिवमूर्तीराव मिलिटरीत राहून आले म्हणून काय रीतभात सोडायची? हे खोटं असेल तर ताबडतोब तसं कळव. खरं असेल तर आधी बंद कर, मग कळव.

गंगम्मा वैनीचा आणि आमच्या गौरीचा तुला नमस्कार.

तुझा,
अण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ११ मार्च १९८६

ती. अण्णांस,
शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. खरं आहे. बंद करणार नाही.

आता खुलासा ऐक. मी गळ बनवत नाही, गळ पार्सलनं येतात. मी त्याच्यावर माशी बांधते. मासा नव्हे, माशी. पीस आणि दोरा गुंडाळून उडत्या किड्यासारखी दिसणारी. थंड मुलखातल्या नद्यांत ती पाण्यावर टाकतात, मासा खरा किडा समजून गिळतो. ह्यांची बदली काश्मिरात होती तेव्हा शेजारच्या फाता आपांनी मला शिकवलं. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या तेच काम. बर्फात दार उघडता येत नसे, तेव्हा त्यांच्या शेगडीपाशी बसून मी हात बसवला. आता तिथल्याच एका दुकानदाराची मागणी आली. आमचं औशाचं रान करपलं, हे नव्या कलेक्टर कचेरीत पहारा करून राहिलेत. मी नुसती घागरींच्या रांगेत उभी राहू?

आणि कारखाना कसला! पुढच्या खोलीत खिडकीशी एक टेबल आहे. उजेड डावीकडून पडावा म्हणून खिडकीशी. समोर पांढरा कागद चिकटवलाय, नाहीतर बारीक दोरा दिसत नाही. गळ घट्ट धरायला पकड लागते, ती ह्यांनी मोटार गॅरेजच्या फिटरकडून जुन्या हातड्रिलचा जबडा काढून बनवून घेतली आणि टेबलाच्या काठाला बसवली. दोऱ्याची रीळ तारेत अडकवून दोरा बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून ओवलाय, म्हणजे तो ताणलेला राहतो. पीस धरायला रबर लावलेला केसांचा चाप. गाठ मोकळी करायला दाभण. टोकदार कात्री तेवढी हैदराबादहून मागवली. शेवटच्या गाठीवर नखांचं पॉलिश लावलं की ती सुटत नाही. पिसं पावडरच्या डब्यांत, डांबरगोळ्या घालून. पंखा लावता येत नाही, सगळी पिसं घरभर होतात. ह्या उन्हाळ्यात बिनपंख्याची बसते मी. कारखानदारीण!

पाण्याचं म्हणशील तर भांडी विसळलेल्या पाण्यात रिठा टाकून धुते. त्या पिसांसाठी कोंबडा कुणी मारत नाही. खाटकाच्या दुकानामागं ती उकिरड्यावर जातात. पण गळ माशाच्या तोंडात जातो हे खरं, ते मी नाकारत नाही. रोज पूजेला बसते तेव्हा ते माझ्या मनात असतं. तरी तू मला शिकवू नकोस. तुझ्या दुकानात फळीवर काय मांडलंय? तू खरे किडे मारायचं औषध विकतोस, मी खोटे किडे बनवते. मग तुला घाम कुणाच्या कामानं फुटायला हवा होता?

वैनींना नमस्कार. गौरीला आशीर्वाद.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस असं आई म्हणायची, म्हणून तुझीच,
शिवकांता

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, २० मार्च १९८६

चि. सौ. शिवकांतास,
आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गंगम्मानं वाचून दाखवलं आणि वाचताना ती हसली, त्याचा मला जास्त राग आला. औषध आणि गळ एकच का? मी शेतकऱ्याचं पीक वाचवतो. तू कुणाचं काय वाचवतेस?

आता नीट ऐक, ही गंमत नाही. गौरीची सोयरीक उदगीरच्या धोंडप्पांकडे जमत आली आहे. अडत्याचं घर, मुलगा शिकलेला, लातूर जिल्हा झाल्यापासून त्यांचं तिथं मोठं वजन आहे. पोरगी त्यांना पसंत आहे. घर कडक आचाराचं. उद्या त्यांच्या कानावर गेलं की पोरीची आत्या पिसं आणि गळ घेऊन बसते, तर मी तोंड कुठं लपवू? तुला तुझी पोर नाही म्हणून माझ्या पोरीचं वाटोळं करू नको.

लग्न होईपर्यंत तरी ते सामान उचल. पुन्हा सांगणार नाही, स्वतः येईन.

अण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, ६ एप्रिल १९८६

अण्णास,

नमस्कार लिहायला हात होत नाही.

काल मी टँकरच्या रांगेत होते, हे ड्यूटीवर. तू आलास. किल्ली शेजारच्या चांगुणाबाईंकडून मागून घेतलीस. त्या बिचारीनं भाऊ म्हणून दिली, वर पाणी विचारलं. तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस. टेबलावरची पकड उपटलीस, डबे, रीळ, कात्री, सगळं पोत्यात भरलंस आणि परसातल्या आडात टाकून पुढच्या गाडीनं नांदेडला गेलास. मला तोंड दाखवायला थांबला नाहीस.

मी दोन घागरी घेऊन आले तर आडाभोवती गल्ली जमलेली. पोतं फाटलं होतं. वारा आडात शिरून पिसं वर घेऊन येत होता. तांबडी, करडी, सगळ्यांच्या डोक्यावर. पोरं टाळ्या वाजवत होती. माझ्याच दारात माझा तमाशा झाला, अण्णा.

तुला वाटलं, बुडालं. आडाला पाणी आहे कुठं? ह्यांनी वर्दी उतरवली, दोर बांधला आणि खाली उतरले. पकडीचा एक दात मोडलाय. कात्रीचं टोक गेलं. चांगुणाबाई रडून राहिल्या की माझ्यामुळं झालं. मी त्यांना म्हटलं, तुम्ही भावाला किल्ली दिली, चोराला नव्हे. चूक तुमची नाही.

ज्या वाक्यानं मला झोप नाही ते मात्र वेगळंच. तुला तुझी पोर नाही. वैनी विषमज्वरानं पडल्या होत्या तेव्हा गौरी कुणाच्या छातीशी झोपायची? ते तू लिहू शकलास?

लग्न होऊ दे, सुखाचं होऊ दे. मी येणार नाही. आशीर्वाद इथूनच.

शिवकांता

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नांदेड, १३ एप्रिल १९८६

चि. सौ. शिवकांतास,
अण्णाचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा सकाळी आलं, तेव्हा धोंडप्पा आणि त्यांची माणसं बैठकीत बसली होती. सोयरीक पक्की करायला आली होती. मी आत जाऊन उभ्यानं वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि बाहेर आलो.

त्यांना सगळं आधीच कळलं होतं. धोंडप्पा म्हणाले, त्याची फिकीर करू नका, पोरगी आम्हाला पसंत हाय, फकत पोरीच्या आत्याला मांडवात पाऊल टाकू द्यायचं न्हाई आणि हळदीला हात लावू द्यायचा न्हाई. तेवढा शब्द द्या, म्हणाले. माझ्या तोंडात हो आलं होतं. खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात गौरी फराळाची ताटं घेऊन आली. तिनं ते ऐकलं, ताटं खाली ठेवली, वाढली नाहीत, आणि आत गेली. दाराची कडी लावल्याचा आवाज आला.

मग मला असा संताप चढला की विचारू नको. मी म्हणालो, माझ्या बहिणीशी मी भांडतो, तिचं सामान आडात टाकतो, तो माझा आणि तिचा मामला आहे. ती लग्नाला येणार नाही म्हणते, तो तिचा राग आहे. पण तिनं येऊ नये म्हणायला तुम्ही कोण? धोंडप्पा म्हणाले, इचार करा, असं घर पुन्हा मिळणार न्हाई. मी विडे मागवले, एकेकाच्या हातात दिले आणि दारापर्यंत पोचवून आलो.

घरात कुणी जेवलं नाही. गंगम्मा माझ्याशी बोलत नाही, पण सोयरीक मोडली म्हणून नव्हे. आडाचं तिला आत्ता कळलं. गौरी परवापासून खोलीबाहेर येईना. मला पोरीशी काय बोलावं उमगत नाही.

तुझं काम पाप आहे असं मला अजून वाटतं. औषधाबद्दल तू लिहिलंस त्याचाही राग गेलेला नाही. पण पोर नाही असं मी लिहायला नको होतं. इथं एक फिटर ओळखीचा आहे. मोडलेला दात कसा होता ते कळव.

अण्णा

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर, १६ एप्रिल १९८६

ती. अण्णांस,
शिवकांताचा शि. सा. न. वि. वि.

पत्र ह्यांनी मोठ्यानं वाचलं. विडे दिले तिथं पोचले आणि थांबले, चष्मा पुसत बसले.

फिटरचं राहू दे, इथं झालं. आडाचा राग माझ्यापाशी आहे आणि मी तो घेऊनच येणार आहे. मागणी अर्धी बांधून झालीय, बाकी आल्यावर. उद्याच्या पहिल्या गाडीनं निघते. मोडल्या सोयरिकीच्या घरात शेजारणी डोकावायला येणार, त्यांना वैनी एकट्या किती पुरतील? तू तर बैठकीत बसून कपाळ धरशील.

गौरीला दाराबाहेरून सांग की आत्या येतेय. मी येणार नाही म्हटलं होतं ते लग्नाला. लग्न तर तू मोडलंस, मग मला अडवायला काय उरलं?

तुझी,
शिवकांता